बियाण्याला दिलेला प्लाझ्मा ताटापर्यंत पोहोचतो का?

पेरणीआधी बियाण्याला काही मिनिटं थंड प्लाझ्मा, म्हणजे विजेनं भारलेला वायू, दिला, तर ते लवकर आणि एकसारखं उगवतं, बियांवरची बुरशीही कमी होते, असं गहू, मका, वाटाणा, सोयाबीन, टोमॅटो अशा बऱ्याच पिकांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. दर वेळी फायदा होतोच असं नाही, पण तो वाद इथे बाजूला ठेवू. इथे प्रश्न खाणाऱ्याचा आहे: अशा बियाण्यापासून आलेलं पीक खाल्लं, तर पोटात नेमकं काय जातं?

गव्हाच्या दाण्याला जे उत्तर लागू पडतं, ते मोडांना लागू पडत नाही. बी आणि ताट यांच्यात किती दिवस आहेत आणि किती नवी वाढ आहे, यावर बरंचसं ठरतं. म्हणून यंत्रात बियाण्याला जे जे होतं, त्यातलं काय नव्या दाण्यापर्यंत पोहोचू शकतं, हे एकेक करून तपासणं हाच सरळ मार्ग आहे.

यंत्रात काय घडतं

सर्वांत जास्त वापरात असलेली रचना साधी असते. दोन धातूचे इलेक्ट्रोड, निदान एकावर सिरॅमिक किंवा काचेची पट्टी, मध्ये काही मिलिमीटरांची फट. इलेक्ट्रोडांना काही हजार व्होल्टचा उलटसुलट होणारा दाब दिला, की फटीतल्या हवेत बारीक जांभळट ठिणग्यांचं जाळं पसरतं. सिरॅमिकमुळे प्रवाह मर्यादित राहतो, म्हणून मोठी ठिणगी पडून बी जळत नाही. बिया एका थरात पसरतात किंवा फिरत्या, थरथरत्या पट्टीवरून नेतात. वेळ साधारण अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत. वायूचा दाब कमी केलेल्या बंद कक्षातही हेच करता येतं, तिथे हवेऐवजी ऑक्सिजन किंवा आर्गॉनही वापरतात.

‘थंड’ म्हणायचं कारण असं, की यात फक्त इलेक्ट्रॉन तापलेले असतात आणि वायू साधारण खोलीच्या तापमानाला राहतो. हे तापलेले इलेक्ट्रॉन हवेतले रेणू फोडतात. त्यातून ओझोन, सुटा ऑक्सिजन अणू, हायड्रॉक्सिल, हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि थोडी अतिनील किरणं तयार होतात. बियाण्यावर जे काम होतं, ते याच मंडळींचं.

या मिश्रणाची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. कमी शक्तीवर हवेचा प्लाझ्मा मुख्यतः ओझोन देतो. शक्ती वाढवली किंवा यंत्र बराच वेळ चालून तापलं, की ओझोन घटतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वर येतात. म्हणजे यंत्र तेच, बटणं तीच, पण सकाळच्या पहिल्या घाण्याला एक रसायन मिळतं आणि दुपारच्या घाण्याला दुसरं. ‘पाच मिनिटं प्लाझ्मा दिला’ एवढ्यावर कुणी सुरक्षिततेचा दावा करत असेल, तर तो अर्धवट आहे.

किरणोत्सर्गाची भीती

ही आधी निकालात काढू. या प्लाझ्मातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १ ते १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. एवढ्यानं रासायनिक बंध तुटतात, पण अणूचं केंद्रक हलत नाही. अन्नावर किरणांची प्रक्रिया करताना कोडेक्सनं (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) इलेक्ट्रॉनांसाठी कमाल मर्यादा घातली आहे ती १० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांच्या किमान दहा लाखपट. तिथेसुद्धा अन्न किरणोत्सर्गी होऊ नये, याच हिशेबानं ती मर्यादा ठरलेली आहे. तेव्हा प्लाझ्मा दिलेलं बी किरणोत्सर्गी होत नाही, पीक तर नाहीच.

बियांवर काय उरतं

हायड्रॉक्सिलसारखे रेणू जन्मल्याबरोबर कशाशी तरी जोडले जाऊन संपतात, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. ओझोन जरा जास्त टिकतो, पण तो वायू आहे, बियाणं हवेशीर ठेवलं की निघून जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड बी स्वतःही उगवताना तयार करतं, आणि ते मोडणारी विकरंही त्याच्याकडे असतात. खरोखर टिकतात ती नायट्रेट आणि नायट्राइट.

त्यांचा हिशेब कागदावर करून बघण्याजोगा आहे. समजा, एक किलो बियाण्यावर तब्बल १०० मिलिग्रॅम नायट्रेट बसलं. हेक्टरी १०० किलो गहू पेरला, तर शेतात गेलं १० ग्रॅम नायट्रेट, त्यात नायट्रोजन सुमारे २.३ ग्रॅम. त्याच हेक्टरला खतातून १०० किलो नायट्रोजन दिला जातो असं धरा. बियाण्यावरून आलेला वाटा त्याच्या चाळीस हजाराव्या भागाहूनही कमी. बियाण्यावर बसलेलं आपण गृहीत धरलंय त्याच्या दसपट असलं, तरी पिकातल्या नायट्रेटवर त्याचा परिणाम मोजता येणार नाही. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळाही सुप्तावस्था मोडायला ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण वापरतातच.

दोन ठिकाणी मात्र हा दिलासा लागू होत नाही.

एक म्हणजे वायू. हवा, ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, हीलियम यांतून बियांवर टिकाऊ परकं काही बसत नाही. पण प्लाझ्मा वापरून बियांवर मुद्दाम पातळ थर चढवताही येतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात कार्बन टेट्राफ्लोराइडसारख्या फ्लोरिनयुक्त वायूंचा प्लाझ्मा देऊन बियांवर पाणी झटकणारा थर चढवला होता. हेतू होता उगवण लांबवण्याचा, आणि तो साधलाही. शास्त्र म्हणून ते रंजक आहे. पण फ्लोरिन-कार्बनचा बंध निसर्गात सहजी तुटत नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. असं बियाणं मातीत गेलं की तो थरही मातीत जातो. खाण्याच्या पिकासाठी अशी प्रक्रिया कुणी सुचवली, तर तिची तपासणी हवेच्या प्लाझ्मासारखी नाही, तर नव्या रसायनाच्या बीजप्रक्रियेसारखी व्हायला हवी.

दुसरं म्हणजे इलेक्ट्रोड. ज्या यंत्रात धातू थेट ठिणगीसमोर उघडा असतो, उदाहरणार्थ सरकत्या ठिणगीच्या किंवा टोकदार सुईच्या रचनेत, तिथे तो हळूहळू झिजतो आणि त्याचे कण बियांवर बसू शकतात. तांबं, निकेल, क्रोमियम, जो धातू असेल तो. तपासणी अवघड नाही. रिकाम्या यंत्रात स्वच्छ काचपट्टी ठेवून नेहमीच्या वेळेच्या दसपट वेळ यंत्र चालवायचं, पट्टी आम्लानं धुऊन त्या द्रावणातले धातू मोजायचे. सिरॅमिकनं झाकलेल्या इलेक्ट्रोडचा हाच तर मोठा फायदा. पण सिरॅमिकला तडा गेला, की तोही संपतो. तडा गेल्याची खूण डोळ्यांनाही कळते: एकाच जागी पुन्हा पुन्हा पांढरट, जाड ठिणगी दिसू लागते आणि तिथल्या बिया करपतात.

डीएनएचं काय?

प्लाझ्मा जनुकं घालत नाही आणि काढतही नाही, त्यामुळे हे जनुकबदल पीक नव्हे. पण ‘डीएनएला अजिबात धक्का लागत नाही’ असं सरसकट म्हणणंही खरं नाही.

प्लाझ्माची थेट कोरणी बियाण्याच्या पृष्ठभागावर नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी उथळ असते. बीजावरण त्याच्या कितीतरी पट जाड, काही दहा ते काहीशे मायक्रोमीटर. अतिनील किरणं त्यातच अडतात. पण दीर्घकाळ टिकणारे रेणू भेगांतून, बीजरंध्रातून आत झिरपू शकतात. शिवाय बी पाणी पिऊ लागलं, की पृष्ठभागावरचं पाण्याबरोबर आत जातं. वाटाणा आणि मक्याच्या रोपांवर डीएनएची मोडतोड मोजणाऱ्या कॉमेट चाचण्या झाल्या आहेत. थोड्या वेळाच्या प्रक्रियेत फरक किरकोळ, वेळ वाढवत नेला की मोडतोड वाढते, आणि कोणता वायू वापरला यावरही ती अवलंबून असते.

हे खाणाऱ्यासाठी कितपत गंभीर? मोडलेला डीएनए खाल्ल्यानं काही होत नाही, रोजच्या अन्नातला डीएनए पोटात मोडतोच. प्रश्न फक्त उत्परिवर्तनाचा. भ्रूणाच्या शेंड्यातल्या ज्या थोड्या पेशींपासून पुढे अख्खं झाड आणि त्याचे दाणे होतात, त्यांत कायमचा बदल झाला तर तो दाण्यात उतरू शकतो. पण तो प्रत्येक बीत वेगळ्या जागी होईल, आणि लाखो झाडांच्या ढिगात एखाद्या झाडाचा बदल विरून जाईल. तुलनेला एक मोठं उदाहरण आहे: गॅमा किरणं आणि रसायनं वापरून मुद्दाम उत्परिवर्तन घडवलेले ३,००० हून अधिक वाण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांच्या नोंदीत आहेत. अशी पिकं दशकानुदशकं खाल्ली जात आहेत. तिथे तर डीएनए बदलणं हाच हेतू असतो. प्लाझ्मात तो दुष्परिणाम आहे, आणि ज्या मात्रेला तो लक्षणीय होतो त्या मात्रेला उगवणही सहसा बिघडू लागते. त्यामुळे शेतकऱ्याचा आणि खाणाऱ्याचा फायदा इथे एकाच बाजूला पडतो.

डीएनएचा क्रम तसाच राहून त्यावरच्या रासायनिक खुणा बदलणं, हा जास्त शक्य असलेला बदल आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरच्या कामात आर्गॉन प्लाझ्मानंतर ऊर्जा आणि वाढीशी निगडित काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा कमी झाल्या होत्या. अशा खुणा दुष्काळानं, थंडीनंही बदलतात. त्या विषारी नाहीत, पण त्यांतूनच पुढचा मुद्दा निघतो.

झाड स्वतः काय बनवतं

आमच्या मते सुरक्षिततेचा खरा प्रश्न इथे आहे, आणि नेमका हाच जाहिरातीत सापडत नाही. प्लाझ्मा बियाण्यासाठी एक ताण आहे. ताणाला झाड आपल्या रसायनांनी उत्तर देतं: फिनॉलवर्गीय संयुगं, अँटिऑक्सिडंट विकरं, संप्रेरकांचा बदललेला तोल. स्टिव्हियाच्या बियांना प्लाझ्मा दिल्यावर पानांतल्या गोड ग्लायकोसाइडांचं प्रमाण बदललेलं दिसलं आहे. ही बातमी ‘पोषणमूल्य वाढलं’ म्हणून सांगितली जाते. पण ज्या यंत्रणेनं चांगलं संयुग वाढतं, तीच यंत्रणा झाडाची संरक्षक विषंही वाढवू शकते. वाढलीच असं नाही, पण मोजल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून प्रत्येक पिकासाठी तपासायची यादी वेगळी असते. टोमॅटोत टोमॅटिन, मोहरीवर्गात ग्लुकोसिनोलेट आणि इरुसिक आम्ल, सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनरोधक आणि फायटिक आम्ल, पालेभाजीत नायट्रेट आणि ऑक्झॅलेट. ॲलर्जी देणारी प्रथिनं असलेल्या पिकांत, म्हणजे सोयाबीन, भुईमूग, गहू यांत, त्या प्रथिनांचं प्रमाण. सगळ्या पिकांची एकच ‘पोषण चाचणी’ करून भागत नाही.

जड धातूंकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. प्लाझ्मामुळे मुळं जोमानं वाढतात, हे कौतुकानं सांगितलं जातं. पण मुळं जमिनीतून जे उचलतात त्यात कॅडमियम आणि आर्सेनिकही येतं. कोडेक्सची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळात कॅडमियमसाठी किलोला ०.४ मिलिग्रॅम आणि अजैविक आर्सेनिकसाठी ०.२ मिलिग्रॅम, गव्हात कॅडमियमसाठी ०.२ मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या जवळ असलेल्या जमिनीत मुळांचा विस्तार बदलला, तर दाणा मर्यादेच्या कुठल्या बाजूला पडेल हे तपासावंच लागेल. स्वच्छ कुंडीतल्या प्रयोगातून हे कधीच दिसणार नाही.

बुरशी मेली, विष राहिलं

बियांवरच्या फ्युजेरियम, अस्परजिलस अशा बुरशी आणि काही जिवाणू प्लाझ्मानं कमी होतात, यात शंका नाही. पण तीन मर्यादा आहेत.

प्लाझ्मा पृष्ठभागावर काम करतो. गव्हाच्या काजळी काणीची बुरशी भ्रूणाच्या आत बसलेली असते, तिथवर तो पोहोचत नाही. बिया एकावर एक असतील, तर सावलीतली बाजूही सुटते.

बुरशी मारली म्हणजे तिनं आधीच सोडलेलं विष गेलं असं नाही. अस्परजिलसचं विष असलेलं अफ्लाटॉक्सिन प्लाझ्मानं काही प्रमाणात मोडतं, पण दाण्याच्या आत शिरलेलं बरंचसं तसंच राहतं.

आणि शेतातल्या पिकाला अफ्लाटॉक्सिन मुख्यतः शेतातच लागतं: मातीतून, हवेतून, पाण्याचा ताण पडल्यावर, नंतर ओल्या साठवणीत. त्यामुळे ‘प्लाझ्मा दिलेलं बियाणं, म्हणून अफ्लाटॉक्सिनमुक्त पीक’ हा दावा ऐकला तर सरळ नाकारावा.

बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया टळते, हा फायदा खरा आहे. पण बुरशीनाशक पेरणीनंतरही काही आठवडे रोपाभोवती राखण करतं, आणि प्लाझ्मा पेरल्या क्षणी संपलेला असतो. रोपं मरू लागली म्हणून नंतर उभ्या पिकावर जास्त फवारण्या झाल्या, तर दाण्यातला अवशेष कमी होण्याऐवजी वाढेल. कीडनाशकांचा हिशेब बियाण्यापुरता न करता पूर्ण हंगामाचा करायला हवा.

मोड: इथे सगळा हिशेब उलटतो

वरचा बराचसा दिलासा एका गोष्टीवर उभा आहे: एका बीपासून कितीतरी पट नवी वाढ होते, महिने जातात, मध्ये माती असते. मोडांमध्ये यातलं काहीच नाही. बी तीन ते पाच दिवसांत, टरफलासकट, बऱ्याचदा कच्चंच खाल्लं जातं. बियांवर जे बसलं ते ताटात आलं.

२०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४:एच४ या जातीची साथ आली. सुमारे ३,८०० जण आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. माग काढत तपास मेथीच्या मोडांपर्यंत आणि त्यांच्या बियाण्यापर्यंत गेला. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. म्हणून मोडांच्या बियाण्याला प्लाझ्मा देण्यात पुष्कळांना रस आहे.

पण आकडे नीट वाचावेत. ‘९९.९ टक्के जिवाणू मेले’ म्हणजे हजारातला एक उरला. समजा, एक किलो बियाण्यावर १०,००० जिवाणू होते, त्यातले १० वाचले. ते दर तासाला दुप्पट झाले, तर एका दिवसात एकाचे १ कोटी ६७ लाख होतात. प्रत्यक्षात वाढ कुठेतरी अडते, पण सुरुवातीला तीन शून्यं कमी केल्याचा फायदा पहिल्या दिवसातच धुऊन जातो. त्यामुळे मोडांसाठी केवळ प्लाझ्मावर विसंबणं चूक आहे. बियाण्याची आधी तपासणी, प्लाझ्मा किंवा दुसरं निर्जंतुकीकरण, आणि मोड वाढत असताना साधारण ४८ तासांनी निथळलेल्या पाण्याची साल्मोनेला व ई. कोलायसाठी चाचणी, अशी साखळी हवी. चाचणीचा निकाल येईपर्यंत माल बाहेर पाठवायचा नाही.

मोडांसाठी बियांवरचं नायट्राइट, तेलबियांमध्ये पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवट होत चाललंय याचं माप), आणि धातूचे कण हे सगळं थेट खाण्याच्या वजनावर मोजावं लागतं. शेतातल्या गव्हाचा चाळीस हजारांचा भागाकार इथे वापरता येत नाही. प्लाझ्मा दिलेलं पाणी मोडांवर शिंपडत असाल, तर त्यातलं नायट्रेट-नायट्राइट रोज नव्यानं वाढत जातं, तेही धरा.

चाचणी कशी करावी, कुठे फसते

प्लाझ्माच्या मात्रेला सर्वमान्य एकक नाही. त्यामुळे दोन प्रयोगशाळांची ‘तीन मिनिटं’ सारखी नसतात. निदान एवढ्या नोंदी हव्यात: प्रत्यक्ष ठिणगीत गेलेली शक्ती (भिंतीवरच्या मीटरची नव्हे, व्होल्टेज-विद्युतभार आलेखाच्या क्षेत्रफळावरून काढलेली), बियाण्याच्या ग्रॅममागे ऊर्जा, वायू आणि त्याची आर्द्रता, फटीचं अंतर, थराची जाडी, बियाण्यातला ओलावा, प्रक्रियेनंतरचं बियाण्याचं तापमान, आणि पेरणीपर्यंत गेलेले दिवस. ओलाव्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ९ टक्के आणि १३ टक्के ओलाव्याचं एकच बियाणं त्याच यंत्रात वेगळं वागतं.

तुलनेसाठी नुसतं ‘प्रक्रिया न केलेलं बियाणं’ पुरत नाही. ठिणगी बंद ठेवून, पण तेवढाच वेळ तोच वायू किंवा तीच निर्वात अवस्था दिलेलं बियाणंही पेरावं लागतं. निर्वात कक्षात बी वाळतं, आणि कित्येकदा प्लाझ्माच्या नावावर खपवलेला फरक या वाळण्याचाच असतो.

पीक निदान दोन हंगाम, वेगवेगळ्या जमिनींत, विखुरलेल्या वाफ्यांत घ्यावं. घटक कोरड्या वजनावर मोजावेत, नाहीतर पाण्याच्या फरकालाच पोषणातला फरक समजलं जातं. आणि मिळालेला आकडा फक्त शेजारच्या वाफ्याशी न ताडता त्या पिकाच्या प्रचलित वाणांत जो नैसर्गिक पल्ला दिसतो त्याच्याशी ताडावा. दोन वाणांमध्येच ३० टक्के फरक असेल, तर प्लाझ्मानं आलेल्या ५ टक्क्यांत घाबरण्यासारखं काही नाही. तो पल्ला ओलांडला, तर पुढची विषशास्त्रीय तपासणी.

कायद्याच्या बाजूनं पाहता युरोपीय संघाचा २०१५/२२८३ हा नव-अन्न नियम इथे लागू पडू शकतो. १५ मे १९९७ पूर्वी संघात अन्न बनवायला न वापरलेल्या प्रक्रियेमुळे अन्नाची घडण लक्षणीय बदलून त्याचं पोषणमूल्य, शरीरातला वापर किंवा नको असलेल्या घटकांचं प्रमाण बदललं, तर ते नव-अन्न ठरतं आणि परवानगी लागते. ‘लक्षणीय बदल नाही’ हे दाखवायलाही वरचेच आकडे लागतात. जर्मन संशोधन संस्थेच्या अन्नसुरक्षा समितीनं २०१२ मध्येच अन्नावरच्या प्लाझ्माबद्दल म्हटलं होतं की प्रत्येक उत्पादन आणि प्रत्येक प्रक्रिया वेगवेगळी तपासावी. बियाण्यालाही तेच सूत्र शोभतं.

उरलेलं बियाणं

बीजप्रक्रियेच्या इतिहासातली सर्वांत मोठी दुर्घटना पिकामुळे नाही, बियाणंच खाल्ल्यामुळे झाली. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये मिथाइल पारा लावलेल्या पेरणीच्या धान्याच्या भाकऱ्या केल्या गेल्या. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले ४५९ दगावले. प्लाझ्मा दिलेल्या बियाण्यात पारा नसतो आणि असा धोकाही नसतो. पण त्याला रंगही नसतो, ते साध्या धान्यासारखंच दिसतं. अनेकदा त्यावर प्लाझ्मानंतर बुरशीनाशकाचा किंवा पॉलिमरचा हातही फिरवलेला असतो. म्हणून पोत्यावर वायू, मात्रा, तारीख, नंतर काय लावलं, आणि ‘फक्त पेरणीसाठी’ हे लिहिलेलं असावं. पेरून उरलेलं बियाणं दळायला, मोड आणायला किंवा जनावरांना घालायला वापरू नये. ते वेगळ्या, खुणेच्या पोत्यात पुढच्या पेरणीसाठी ठेवावं, आणि पेरण्याआधी उगवण पुन्हा तपासावी, कारण साठवणीत प्लाझ्माचा परिणाम टिकेलच याची खात्री नसते.